पहिला आकडा

परळच्या बाजारात माझ्या तोंडाला सगळे वचकून असायचे. गिऱ्हाईक तर वचकायचंच, बर्फवालासुद्धा माझ्या फळीपाशी आला की आवाज उतरवायचा. आता मी अँटॉप हिलला अकराव्या मजल्यावर राहते आणि दिवसभरात बोलायचं झालं तर लिफ्टमध्ये जो कोणी असेल त्याला "खाली" एवढा एक शब्द बोलते. बहुतेक वेळा त्याने बटण आधीच दाबलेलं असतं, त्यामुळे तोही शब्द वाया जातो.

फ्लॅट माझा नाही, लेकीचा आहे. शेफालीच्या नवऱ्याला मस्कतला नोकरी लागली तशी ती दोघं मुलाला घेऊन गेली आणि लेक मला म्हणाली, आई, तू इथे राहा, बंद घर खराब होतं. मला तरी कुठे जायचं होतं? माझा नवरा, धर्मा, गेल्यावर वरळी कोळीवाड्यातलं घर दीर आणि जाऊ सुभद्रा बघतात. बाजारातली माझी जागाही सुभद्राच चालवते. भांडणतंटा काही झाला नाही. झाला असता तर निदान माझी करमणूक तरी झाली असती. मला बसताच येईना, म्हणून मीच जागा सोडली.

कंबरेतली चकती सरकली होती, तिचं ऑपरेशन झालं. कंबर सुटली, पण डावा पाय राहिला. कुल्ल्यापासून तळव्यापर्यंत आग, आणि बसलं की ती दुप्पट. डॉक्टर म्हणाले, चकती जागेवर आहे, पण नस दुखायचं विसरत नाहीये, असं काही जणांचं होतं. काही जणांत नेमकी मीच कशी, असं मी विचारलं, तर ते हसले. मला हसण्यासारखं त्यात काही दिसलं नाही. मासे विकणारी बाई बसली नाही तर काय उभ्याने सुरमई कापणार?

शेफाली तेव्हा ऑपरेशनसाठी रजा काढून आली होती. घरी सोडायच्या दिवशी तिने विचारलं, "आई, आता नाही ना गं दुखत?" तिची रजा संपत आली होती, तिकीट काढून झालं होतं, आणि माझ्याकडे ती अशी बघत होती की मला दुसरं काही बोलवेना. मी म्हटलं, "नाय गो, एकदम मोकळं वाटतं." त्यानंतर रोज संध्याकाळी तिचा फोन येतो आणि रोज मी बरी असते. तिला चेहरा दिसू नये म्हणून व्हिडिओ नको म्हणते, इथे नेट चालत नाही म्हणते. प्यायची औषधं, टोचायची औषधं, शेक, पट्टे, सगळं मी तिच्या मागे एकटीने करून बसले होते. कशाचाही उपयोग झाला नव्हता.

मग परळच्या एका हॉस्पिटलमध्ये मला डॉक्टर मेघना रेगे भेटली. शेफालीपेक्षा लहान असेल. दुखण्याचीच डॉक्टर, दुसरं काही बघत नाही. तिने मला मणक्याचा प्लास्टिकचा नमुना दाखवून समजावलं. पायातलं दुखणं मणक्याच्या आतल्या मज्जारज्जूतून डोक्यापर्यंत जातं. त्या रज्जूला हात न लावता, त्याच्या आवरणाच्या बाहेर, दोन बारीक तारा ठेवायच्या आणि त्यांतून अगदी हलका करंट सोडायचा. मग डोक्याला दुखण्याऐवजी मुंग्या कळतात. आधी आठवडाभर ट्रायल घ्यायची, त्यात तारा आत आणि यंत्र बाहेर, कंबरेला. आराम पडला तर त्या तारा काढून कायमच्या घालायच्या आणि बॅटरी कंबरेपाशी कातडीखाली ठेवायची.

"यंत्र महाग आहे, पण एक ट्रस्ट देतो, मावशी," ती म्हणाली. "त्यांची अट एकच आहे. ट्रायलमध्ये निम्म्याहून जास्त आराम पडला पाहिजे. आणि माझी एक अट आहे. आठवडाभर घरात तुमच्यासोबत कोणीतरी हवं."

"भाची राहील," मी म्हटलं. "नम्रता."

नम्रता आहे, विरारला असते, नोकरी करते, तिचं मूल लहान आहे. तिला मी विचारलंच नाही. कोणाचे उपकार घ्यायचे म्हटलं की माझ्या कपाळावर आठी येते.

मला या यंत्राकडून काय हवं होतं ते सरळ सांगते. मला परत बाजारात बसायचं होतं. समोर बोंबलांचे वाटे लावायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी तोंडाला तोंड देऊन भांडायचं. अकराव्या मजल्यावर भांडायला कोणी नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा माशांच्या वासाची तक्रार केली होती, तर मी आनंदाने पदर खोचून तयार झाले. पण तक्रार त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर केली होती. तिथे माझा नंबर नव्हता.

ऑपरेशन थिएटरमध्ये मला पालथं झोपवलं, पोटाखाली उशी दिली. झोपेचं औषध अगदी थोडं, कारण तार बरोबर जागी गेली की नाही ते फक्त मीच सांगू शकणार होते. पाठ बधिर केल्यावर सुई गेली ती नुसता दाब म्हणून कळली. वर एक्स-रेचं कमानीसारखं यंत्र होतं, आणि मेघना पडद्यावर बघत तार वर सरकवत होती.

"आता करंट सोडते. मुंग्या कुठे येतात ते सांगा."

पहिल्यांदा आल्या त्या बरगडीपाशी. "हितं काय करायच्यात?" मी म्हटलं. तिने तार जराशी हलवली. आता मांडीत आल्या. "खाली पायजेत." परत तार हलली, आणि पोटरीत मुंग्या आल्या. चांगल्या भरून आल्या.

"छान," ती म्हणाली. "इथे ठेवूया?"

खरं म्हणजे तेवढंही पुष्कळ होतं. पण बाजारातली पस्तीस वर्षांची सवय जाते कुठे? मी म्हटलं, "अजून जरा बगा ना."

तिने अजून जरा बघितलं, आणि मुंग्या तळव्यात उतरल्या. जिथे आग असायची, नेमक्या तिथेच. "आता आल्या का तळव्यात?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आल्या, पण करंगळीकडे कमी हायेत." तेही तिने करून दिलं. कोणीतरी माझ्याशी घासाघीस करत होतं आणि मी जिंकत होते. टेबलावर पालथं पडून, पाठीत सुया खुपसलेल्या, आणि मला मजा येत होती. इतकी मजा मला बाजार सुटल्यापासून आली नव्हती.

तारांची टोकं पाठीवर चिकटपट्ट्यांनी घट्ट बसवली, कंबरेला छोटा डबा, हातात रिमोट. वाकायचं नाही, कंबर वळवायची नाही, हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत, नाहीतर तारा सरकतील. अंघोळ नाही, अंग ओल्या फडक्याने पुसायचं. हे सगळं मेघनाने नम्रतासाठी म्हणून दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान डोलावली. घरी आल्यावर कळलं की हात वर न नेता आंबाडा घालता येत नाही. केस तसेच मोकळे सोडले. बघणारं कोण होतं?

पहिल्याच रात्री मी झोपले. म्हणजे सकाळपर्यंत झोपले, मध्ये उठून भिंत धरून फेऱ्या न मारता. सकाळी शेफालीच्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली. त्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. त्या प्लास्टिकवर बसून मी चहा प्यायले. चहा संपला तरी बसून राहिले. आग नाही, नुसत्या मुंग्या, आणि थोड्या वेळाने त्यांच्याकडेही लक्ष जाईना. मग मी रडले. आनंदाचंच रडू होतं ते, पण एकटं माणूस आनंदाने रडायला लागलं की त्याला थांबायचं कधी ते कळत नाही. शेवटी मी टीव्ही लावला.

त्या आठवड्यात मी बसमध्ये बसून परळला गेले. बाजारात पुरती शिरले नाही, खेकडेवालीच्या पलीकडे खांबाआड उभी राहिले आणि सुभद्राला बघत राहिले. एका सदऱ्यातल्या माणसाने तोंड वेडंवाकडं केलं तर हिने लगेच पापलेटचा भाव सोडला. माझा जीव तळमळला. अगं, जाऊ दे त्याला चार पावलं, येतो की नाही बघ परत! पुढे होऊन तिच्या शेजारी बसावंसं वाटलं, इतकं वाटलं की पाय निघालेसुद्धा. पण मोकळे केस, कंबरेला डबा, आणि "काय गो जाऊबाय, ह्ये काय नवीन?" हे सगळ्या बाजारासमोर ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. कायमचं यंत्र बसलं की ऐटीत येईन, असं ठरवून मी तिची नजर चुकवून परतले.

संध्याकाळी शेफालीचा फोन आला. "कशी आहेस आई?"

"बरी हाय."

ते पहिल्यांदाच खरं होतं. पण शब्द रोजचाच, तिला त्यात फरक कळायचा कसा? तिने मुलाच्या शाळेचं सांगितलं, उकाड्याचं सांगितलं आणि फोन ठेवला.

आठवडा संपला तशी मी हॉस्पिटलमध्ये गेले. मेघनाने मला स्टुलावर बसवलं. मी सहज बसले, तेही तिला दिसलं नाही, कारण ती तेव्हा हातमोजे घालत होती.

"बोला मावशी. किती टक्के आराम पडला?"

माझ्या मनात ऐंशी होतं. कदाचित थोडं जास्तच. पण समोरच्याने आकडा विचारला की पहिला आकडा खरा सांगायचा नसतो, हे माझ्या हाडात मुरलेलं. ऐंशी म्हटलं तर ती म्हणेल, झालं तर मग, आणि कायमचं यंत्रही तेवढ्यावरच लावेल. कमी सांगितलं तर खटपट करेल, टेबलावर केली तशी. तिथे "अजून जरा" म्हणून मी करंगळीपर्यंत मिळवलं होतं की नाही? अट काय होती ती मला ठाऊक होती. पण पहिला आकडा नुसता तोंड उघडायला असतो, त्यावर सौदा कोण करतं?

"चाळीस," मी म्हटलं, आणि ती काय म्हणते याची वाट बघत बसले.

तिचा चेहरा उतरला. "ठीक आहे मावशी," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांना होतंच असं नाही. तुम्ही खूप धीराने घेतलंत."

तिने मला तपासणीच्या टेबलावर कुशीवर निजवलं, यंत्र बंद केलं, पट्ट्या सोडवल्या आणि श्वास घ्यायला सांगितलं. मला वाटलं, आता विचारेल. आता म्हणेल, मावशी, नीट आठवून सांगा. दोन्ही तारा सरकन बाहेर आल्या, दुखलंसुद्धा नाही. तिने त्या ट्रेमध्ये टाकल्या आणि हातमोजे काढायला लागली.

"ट्रस्टला कळवते मी. गोळ्यांचं पुन्हा बघू."

"म्हंजे?" मी उठून बसले. "तुमी काय बोलणारच नाय?"

"काय बोलू मावशी?"

"अवो, मी चाळीस बोल्ले! तुमी बोलायचं ना, असं कसं मावशी, जरा बगा. मग मी साठ बोल्ले असते. मग तुमी अजून काय केलं असतं, मग मी..."

मी तिला सगळं समजावून सांगितलं, बाजार, पहिला आकडा, टेबलावरची करंगळी. मला वाटलं हसेल. हसली असती तर बरं झालं असतं. तिने स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली.

"मग खरं किती?"

"ऐंशी. देवाशपथ ऐंशी."

"मावशी, आत्ता चाळीस म्हणालात. यंत्र मिळणार नाही म्हटल्यावर ऐंशी म्हणताय. मी काय लिहू?" तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट ती फार जपून बोलत होती. "घाबरून आकडा वाढवणारे खूप असतात. आणि ज्याला उपयोग नाही त्याच्या पाठीत यंत्र घातलं तर पुन्हा ते काढायला चिरावं लागतं. मला खात्री हवी." मग तिला एकदम सुचलं. "नम्रताचा नंबर द्या. आठवडाभर ती सोबत होती ना? तुम्ही कशा झोपलात, किती चाललात, तिने पाहिलं असेल. ती म्हणाली तर मी ऐंशी लिहिते."

मी पदराचं टोक बघत बसले. नम्रताला आधी फोन करून पढवता आलं असतं, असाही विचार आला. पण त्या पोरीने मला पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेलं सांगायला तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"नम्रता नव्हती," मी म्हटलं.

"मग कोण होतं?"

"कोण नाय."

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "कोणीच पाहिलं नाही तुम्हाला? शेजारी? बाहेर कुठे गेला होतात?"

मी आठवायला लागले. लिफ्टमधली बाई मोबाइलमध्ये बघत होती. बसमध्ये माझ्या शेजारचा माणूस डुलक्या घेत होता. एक सुभद्रा होती, तर तिच्यापासून मी स्वतः लपले होते. एवढ्या मोठ्या शहरात मी आठवडाभर धडधाकट होते आणि ते सांगणारं एक माणूस मला सापडेना.

"मुलगी रोज फोन करते म्हणाला होतात ना? तिला बोलण्यात काहीतरी फरक जाणवला असेल."

"ती कामावर असेल आता. नको."

पण शेफालीचा नंबर फाइलवर लिहिलेला होता, मीच दिलेला. मेघनाने तो लावला आणि माझ्याही कानावर पडावं म्हणून आवाज मोठा केला. आपण कोण, कुठून बोलतोय ते सांगितलं. पलीकडून शेफालीचा आवाज आला, "काय झालं आईला?"

"काही नाही, त्या ठीक आहेत, माझ्यासमोर बसल्यात. त्यांच्या पायाच्या दुखण्याबद्दल विचारायचं होतं. गेल्या आठवड्यात, ट्रायल चालू असताना, तुम्हाला त्यांच्यात काही फरक वाटला का?"

"कसली ट्रायल?" शेफाली म्हणाली. "आईचं ऑपरेशन कधीच झालं. तिला काही दुखत नाही. रोज बोलतो ना आम्ही, मला माहीत असतं."

मेघनाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. जगात एकच माणूस रोज माझी चौकशी करत होतं आणि त्यालाच मी माझ्यातलं काही कळू दिलं नव्हतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"आई? आई, तू ऐकतेयस?"

मेघनाने फोनचा आवाज कमी केला आणि तो माझ्या हातात दिला. जाता जाता म्हणाली, "ट्रस्टशी मी बोलेन. आपण ट्रायल पुन्हा करू. पण या वेळी तुमच्यासोबत राहणारं माणूस मी स्वतः पाहीन, मगच सुई लावेन. नाहीतर नाही, मावशी." तिने मागे दार लोटून घेतलं.

"आई, दुखतंय तुला?"

"हो."

"किती?"

मी आकडा सांगितला नाही. मी सांगितलं की मला बसता येत नाही. मी ओट्यापाशी उभ्याने जेवते. रात्री भिंत धरून फेऱ्या मारते, आणि तुझा फोन येतो तेव्हाही उभीच असते. तुझ्या सोफ्यावर मी अजून एकदाही बसलेली नाही. सांगायला लागले तसं थांबता येईना. सांगता सांगताच तळव्यात आग परत सुरू झाली, आधी करंगळीपाशी, मग सगळीकडे. मी टेबलावरून खाली उतरले.

"कधीपासून?" तिने विचारलं. तिचा आवाज ओला झाला होता.

"तू ऑपरेशन करून गेलीस तवापासून."

बराच वेळ ती रडत होती. मग नाक पुसल्याचा आवाज आला. "मग आता काय करायचं? डॉक्टर काय म्हणतात?"

"परत करतील म्हणतात. पण आठवडाभर घरात माणूस पायजे."

"नम्रताला सांगू का मी? की एखादी बाई ठेवूया? मी इथून बघते, चांगली एजन्सी..."

"नको," मी म्हटलं. "तू ये."

पलीकडे कोणीतरी तिला हाक मारत होतं, इंग्रजीत. तिने फोनवर हात ठेवून त्यांना काहीतरी सांगितलं आणि परत आली. "आई, याची शाळेची परीक्षा आहे गं पुढच्या..." असं म्हणाली आणि अर्ध्यावरच थांबली.

राहू दे, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. पाय भडकला होता, टेबलाची कड धरून मी उभी होते, फोन कानाला घट्ट लावलेला, आणि तिच्या श्वासाशिवाय मला काही ऐकू येत नव्हतं.